पोस्टलाही जावक क्रमांक द्या: स्थानिक स्वराज्य संस्थांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सर्व महानगरपालिका
मा. मुख्याधिकारी, सर्व नगरपरिषदा व नगरपंचायती
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, सर्व जिल्हा परिषदा
महाराष्ट्र राज्य

विषय: कार्यालयाच्या समाजमाध्यम खात्यांवरील मजकूर अभिलेख म्हणून जतन करणेबाबत.

महोदय / महोदया,

२५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेचे पाणी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले, तेव्हा रहिवाशांचा पहिला सवाल होता: खडकवासल्यातून पाणी सोडताना इशारा किती वाजता दिला आणि कुठे दिला? हाच सवाल सांगलीत, चिपळुणात किंवा महाडमध्ये विचारा. उत्तर आवक-जावक बारनिशीत सापडत नाही. ते फेसबुकच्या पानावर, एक्सवर आणि प्रभागाच्या व्हॉट्सअप गटात असते. विसर्ग वाढवला, पूल बंद केला, शाळांना सुटी दिली, उद्या पाणी येणार नाही, हे सगळे आधी पोस्टवर जाते आणि कागदावर मागाहून येते. काही वेळा येतच नाही.

कागदाची नस्ती (फाइल) गहाळ झाली तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा आधार घेऊन गुन्हा नोंदवला जातो. पोस्ट गहाळ झाली तर ती गहाळ झाल्याचेही कोणाला कळत नाही, कारण ती कधी नोंदवलेलीच नसते. म्हणून आमची मागणी एकच आहे. कार्यालयाच्या खात्यावरून गेलेली प्रत्येक पोस्ट आणि तिच्याखाली कार्यालयाने दिलेले प्रत्येक उत्तर ही जावक समजा, नागरिकाने तिथे केलेली तक्रार ही आवक समजा, आणि दोन्ही त्याच शिस्तीने ठेवा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार अधिनियमातल्या अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाने किंवा इतर कोणत्याही साधनाने तयार झालेली सामग्री आधीपासून आहे, आणि अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याची जबाबदारी कलम ४ ने प्राधिकरणावर टाकलेली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७ तर इलेक्ट्रॉनिक अभिलेख ‘ठेवला’ असे केव्हा म्हणायचे तेच सांगते: तो पुढे वाचता आला पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे, आणि तो कोठून, कोणाला, कोणत्या तारखेला व वेळेला गेला हे त्यावरून कळले पाहिजे. स्क्रीनशॉट काढून वर्डच्या फाइलमध्ये चिकटवणे ही आज सर्रास चालणारी पद्धत यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीवर नापास होते. त्यात दुवा नसतो, ‘३ तासांपूर्वी’ एवढीच वेळ दिसते, ‘आणखी पाहा’च्या मागचा मजकूर येत नाही, आणि चित्र कोणीही बदलू शकतो.

पद्धतीकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासा: खाते नेमके कोणाचे आहे? अनेक ठिकाणी ते प्रसिद्धीचे काम घेतलेल्या संस्थेतल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवर आणि मोबाइलवर उघडलेले असते. कंत्राट संपते, तो मुलगा नोकरी सोडतो, ओटीपी त्याच्या फोनवर जात राहतो. किंवा ओटीपी बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या क्रमांकावर जातो. असे खाते हॅक झाले किंवा बंद पडले तर कंपनीकडे दाद मागायलाही कार्यालयाकडे पुरावा नसतो. उपाय साधा आहे. खाते पदनामाच्या शासकीय ईमेलवर असावे, दुहेरी पडताळणीचा क्रमांक कार्यालयाच्या नावावरच्या सिमचा असावा, फेसबुक पानावर पूर्ण अधिकार असलेले किमान दोन नियमित कर्मचारी असावेत आणि संस्थेच्या माणसाला फक्त मजकूर टाकण्यापुरता अधिकार असावा. पुनर्प्राप्तीचे संकेतांक छापून मोहोरबंद पाकिटात ठेवा, आणि बदलीच्या वेळी प्रभार यादीत या खात्यांची नोंद घ्या. निविदेत दोन वाक्ये घाला: खाते, मूळ छायाचित्रे, चित्रफिती आणि सर्व मजकूर कार्यालयाच्या मालकीचा राहील, आणि महिन्याचा अभिलेख सुपूर्द केल्याची पावती जोडल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही. दुसऱ्या वाक्याने काम होते, पहिल्याने फक्त हक्क मिळतो.

कंपन्या हा मजकूर आपल्यासाठी सांभाळतील, या भरवशावर राहू नका. कू या देशी माध्यमावर अनेक शासकीय विभागांनी खाती उघडली होती. ते जुलै २०२४ मध्ये बंद झाले. मेटाने १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकवरील थेट प्रक्षेपणे ३० दिवसच ठेवायचा नियम केला आणि आधीची जुनी प्रक्षेपणे उतरवून घ्यायला ९० दिवस दिले. ती सूचना खात्याशी जोडलेल्या ईमेलवर आणि ॲपमध्ये आली. ज्या नगरपरिषदेने सर्वसाधारण सभा फक्त फेसबुकवर थेट दाखवली आणि जिच्या खात्याचा ईमेल जुन्या कंत्राटदाराचा आहे, तिला ही सूचना कशी पोहोचणार? यूट्यूबवर प्रक्षेपण टिकते, पण १२ तासांपेक्षा लांबलेले सलग प्रक्षेपण आपोआप साठवले जात नाही. अर्थसंकल्पाच्या सभेला हे ध्यानात ठेवून दोन सत्रांची दोन प्रक्षेपणे करावीत, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला स्थानिक ध्वनिचित्रमुद्रण चालू ठेवावे.

सगळ्यात मोठा गैरसमज ‘आपली माहिती डाउनलोड करा’ या सोयीबद्दल आहे. ती वापराच, दर तीन महिन्यांनी वापरा, पण तिच्या मर्यादा जाणून वापरा. एक्सवर मागणी नोंदवल्यावर संच तयार व्हायला २४ तास किंवा अधिक लागतात. त्यात तुमच्या पोस्ट, तुमची उत्तरे आणि खासगी संदेश येतात; नागरिकांनी तुम्हाला उद्देशून लिहिलेले येत नाही. म्हणजे ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ हे उत्तर उरते आणि तक्रार काय होती ते जाते. शिवाय वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. २५ तारखेला पहाटे २ वाजता दिलेला इशारा त्या फाइलमध्ये २४ तारखेच्या रात्री साडेआठचा दिसतो. पुराच्या चौकशीत ही चूक कोणाला सोडवेल किंवा अडकवेल. नोंदवहीत वेळ नेहमी भारतीय प्रमाणवेळेत लिहा आणि तसे शीर्षकात नमूद करा.

फेसबुकचा संच एचटीएमएल (ब्राउझरमध्ये वाचण्यासाठी) आणि जेसन (संगणकी प्रक्रियेसाठी) अशा दोन रूपांत मिळतो. जेसन घेतलात तर मराठी मजकूर ‘à¤®’सारख्या निरर्थक चिन्हांत दिसेल. घाबरून तो टाकून देऊ नका, मजकूर शाबूत असतो. प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन बाइट तीन वेगवेगळी लॅटिन अक्षरे म्हणून लिहिलेले असतात. संगणक विभागातल्या कोणालाही तो मजकूर लॅटिन-१ या अक्षरसंकेताने बाइटमध्ये उलटवून यूटीएफ-८ या अक्षरसंकेताने पुन्हा वाचता येतो. पायथनमध्ये हे एका ओळीचे काम आहे. मूळ फाइल तशीच ठेवा, दुरुस्त केलेली प्रत शेजारी वेगळ्या नावाने ठेवा.

आता रोजचे काम. पोस्ट जाण्याआधी तिचा मसुदा ज्या टिपणीवर मंजूर झाला तिचा क्रमांक हवा. तातडीच्या इशाऱ्यात दूरध्वनीवरची मंजुरी चालेल, पण कोणाची ते लिहा. पोस्ट गेली की तिचा स्वतंत्र दुवा नोंदवहीत उतरवा. नोंदवही साध्या स्प्रेडशीटमध्ये चालते. रकाने असे: नोंद क्रमांक, खाते, दुवा, प्रसिद्धीची तारीख व वेळ, संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर वाचता व शोधता येणाऱ्या अक्षरांत), जोडलेल्या फाइलींची नावे, मंजुरी देणाऱ्याचे पदनाम, संबंधित नस्तीचा क्रमांक, अभिलेख वर्ग (किती काळ ठेवायचे ते), हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) आणि शेरा. ‘संपूर्ण मजकूर’ या रकान्यावर आमचा विशेष जोर आहे. मराठी कार्यालयांच्या बहुतेक पोस्ट म्हणजे चित्र असते, आणि सूचना त्या चित्रात श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात कोरलेली असते. असे चित्र शोधात कधीच सापडत नाही, आणि मूळ कोरलड्रॉ फाइलमधून मजकूर उचलला तर युनिकोडमध्ये कचरा पडतो. चित्र बनवण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि तोच पोस्टच्या मथळ्यात व नोंदवहीत टाका. दृष्टिहीन नागरिकालाही मग ती सूचना ऐकता येते.

पोस्टची प्रत घेण्यासाठी वेब आर्काइव्हचे साधन वापरा. वेबरेकॉर्डर प्रकल्पाचे ‘आर्काइव्हवेब-पेज’ हे क्रोममध्ये बसणारे विनामूल्य साधन त्यासाठी पुरते. ते पान जसे दिसले तसे, चित्रे आणि प्रतिक्रियांसह साठवते, आणि नंतर इंटरनेट नसतानाही ते पान उघडून दाखवता येते. त्याच्या मुळाशी वॉर्क हे स्वरूप आहे, ज्याला आयएसओ २८५०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणून उद्या साधन बदलले तरी फाइल वाचता येईल. तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली, प्रतिक्रियांची मांडणी ‘सर्वाधिक समर्पक’वर राहते, ती ‘सर्व प्रतिक्रिया’वर न्या आणि तळापर्यंत प्रत्येक ‘आणखी उत्तरे’ उघडा, कारण जे पडद्यावर आले नाही ते साठवले जात नाही. दुसरी, प्रत मुख्य प्रशासकीय खात्यातून घेतली जाते. मग त्या फाइलमध्ये लॉगिनच्या खुणा आणि खासगी सूचनाही शिरतात. प्रत घेण्यासाठी कोणतेही अधिकार नसलेले वेगळे खाते ठेवा. तिसरी, चित्रफीत चालवलीच जात नाही, त्यामुळे तिच्या जागी फक्त काळा चौकोन साठतो. चित्रफितीची मूळ फाइल स्वतंत्रपणे ठेवाच.

प्रत दोनदा घ्यावी लागते: पोस्ट गेली त्या दिवशी, आणि सातव्या दिवशी, प्रतिक्रिया जमल्यावर. पूर, आग, साथ अशा वेळी तासाभरात घ्या. पोस्टमध्ये बदल करायचा असेल तर बदलण्याआधी घ्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. दर तासाला नवी पोस्ट टाकण्याऐवजी तीच पोस्ट संपादित करत गेलात, तर नंतर घेतलेल्या प्रतीत शेवटचा आकडा तेवढा उरतो आणि पाणी कोणत्या वेळेला ३९ वर पोहोचल्याचे लोकांना सांगितले ते तिच्यात दिसत नाही. अशा सूचना कधीही संपादित करू नका. नवी टाका, जुनीला तिचा दुवा द्या.

प्रत घेतल्यावर फाइलचा हॅश काढा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा दिली की एसएचए-२५६ चा ६४ चिन्हांचा आकडा मिळतो. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी तो आकडा बदलतो. हॅश मूळ फाइलचाच घ्या. चित्र एकदा व्हॉट्सअपवरून फिरून आले की ते दाबले गेलेले असते, आतली तारीख आणि कॅमेऱ्याची माहिती गळालेली असते, आणि तो हॅश मूळ फाइलशी कधीच जुळत नाही. महिनाअखेर सर्व हॅशची यादी छापून अभिलेखपालाने सही-शिक्क्यासह नस्तीला लावावी. डिस्कवरची फाइल आणि कागदावरचा आकडा दोन्ही एकाच वेळी बदलणे फार अवघड असते.

या खटाटोपाला न्यायालयीन कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग आहेत, एक साधन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत हॅशची जागा छापलेलीच आहे. हे प्रमाणपत्र मिळाले नाही तर काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज वेळेत आला का हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणात होते, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळाले नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२० च्या निकालात प्रमाणपत्राची सक्ती अधोरेखित झाली. तुमचा अतिक्रमणाचा किंवा पूरहानीचा दावा लागेल तेव्हा प्रमाणपत्र तुम्हालाच द्यावे लागेल. पाच वर्षांनी ते प्रामाणिकपणे देता यायचे असेल तर हॅश आज काढलेला हवा.

वर्गीकरणाला नवी पद्धत नको. अ वर्ग कायम, ब ३० वर्षे, क १० वर्षे, क-१ पाच वर्षे आणि ड एक वर्ष, ही आपली जुनी घडी इथेही बसते. फक्त माध्यमावरून वर्ग ठरवू नका, मजकुरावरून ठरवा. ‘फेसबुक पोस्ट: ड वर्ग’ असा सरसकट शेरा काही ठिकाणी मारला जातो, तो चुकीचा आहे. सर्वसाधारण सभेचे चित्रीकरण इतिवृत्ताच्या सोबतीने अ वर्गात जायला हवे, कारण इतिवृत्तात ठराव येतो, चर्चा येत नाही. विकास आराखड्यावरच्या हरकतींची सूचना तिच्या मूळ प्रकरणाच्या वर्गात जाते. पूर, साथ, इमारत दुर्घटना यांचे इशारे आमच्या मते ब वर्गाखाली जाता कामा नयेत. पाणीपुरवठा बंदची सूचना क-१ मध्ये, जयंती-पुण्यतिथीचे अभिवादन आणि शुभेच्छा ड मध्ये. ड वर्गाचे निंदणीकरण (मुदत संपलेले अभिलेख काढून टाकणे) वेळच्या वेळी कराच. सगळेच ठेवायचे म्हटले की हवे ते सापडत नाही. अभिलेख अनुसूचीत (कोणता अभिलेख किती काळ ठेवायचा त्या यादीत) ही भर घालताना पुराभिलेख संचालनालयाचा सल्ला घ्यावा.

नागरिकांच्या प्रतिक्रियांबद्दल थोडे अधिक लिहितो. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली; राज्यातल्या अनेक शहरांनी असाच मोठा प्रशासकीय काळ पाहिला. त्या काळात नगरसेवकाने सभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नाही, कारण नगरसेवकच नव्हते. खड्डा, कचरा, दूषित पाणी याबद्दल लोकांनी थेट प्रशासनाला काय विचारले आणि प्रशासनाने काय उत्तर दिले, याचा मोठा भाग त्या पोस्टखालच्या प्रतिक्रियांत आहे. उद्या या काळाचा अभ्यास करणाऱ्याला दुसरीकडे हे मिळणार नाही. आणि त्या प्रतिक्रिया रोज थोड्या थोड्या नाहीशा होतात: कोणी खाते बंद करतो, कोणी आपली तक्रार पुसतो, कोणाचे निधन होते. तेव्हा २०२२ ते २०२५ या वर्षांच्या पोस्टची मागे जाऊन प्रत घेण्याचे काम रोजच्या कामाच्या आधी हाती घ्या.

प्रतिक्रिया लपवणे, पुसणे, एखाद्याला अडवणे हे अधिकार जपून वापरावेत. शिवीगाळ किंवा धमकी काढावी लागते, पण आधी प्रत, मग तारीख, कारण आणि निर्णय घेणाऱ्याचे पदनाम नोंदवहीत. हीच शिस्त आचारसंहितेच्या वेळी. आचारसंहिता लागली की पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे असलेल्या पोस्ट घाईघाईने पुसल्या जातात, आणि त्यांच्यासोबत योजनांच्या अटी, अर्जाच्या मुदती, खालची प्रश्नोत्तरे जातात. पोस्ट दिसेनाशी करणे योग्य आहे. ती नष्ट करण्याची गरज नाही. प्रत घेऊन मग काढा.

व्हॉट्सअप गट हे सर्वात अवघड प्रकरण. प्रभागाचा गट बहुधा स्वच्छता निरीक्षकाच्या किंवा कनिष्ठ अभियंत्याच्या खासगी फोनवर असतो. बदलीबरोबर गट जातो. गट कार्यालयाच्या क्रमांकावरून चालवा, ‘नाहीसे होणारे संदेश’ बंद ठेवा, आणि दर महिन्याच्या १ तारखेला निर्यात करा. महिन्याला का? निर्यातीत फोटोंसह १०,००० आणि फोटोंविना ४०,००० संदेशांपर्यंतच मागे जाता येते. पावसाळ्यात बोलका गट ही मर्यादा लवकर गाठतो. निर्यातीच्या फाइलमध्ये माणसांची नावे फोनमध्ये साठवल्याप्रमाणे येतात, म्हणून ‘पाटील काका’ म्हणजे कोण याची क्रमांकासह यादी सोबत हवी. या गटांत लोक आधार कार्डाचे, दवाखान्याच्या कागदांचे फोटोही टाकतात. मूळ प्रत कुलूपबंद ठेवा, ती पाहणाऱ्याची नोंद ठेवा, आणि माहिती अधिकारात प्रत देताना खासगी तपशील झाकून द्या. खासगी माहिती आहे म्हणून अख्खा गट नाकारणे किंवा अख्खा गट पुसणे, दोन्ही नको.

खर्चाची भीती अनाठायी आहे. रोज ५ पोस्ट म्हणजे वर्षाला १,८२५. प्रत्येकीच्या दोन प्रती १० एमबीच्या धरल्या तर साधारण ३७ जीबी. महिन्याला ४ तासांची सभा, सेकंदाला ४ मेगाबिटने चित्रित केली तर तासाला १.८ जीबी, वर्षाला ८६ जीबी. म्हणजे मध्यम नगरपरिषदेचे वर्ष सव्वाशे जीबीच्या आसपास मावते. २ टीबीच्या दोन डिस्क, एक अभिलेख कक्षात आणि एक दुसऱ्या इमारतीत, आणि तिसरी प्रत शासकीय सर्व्हरवर. दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवल्या तर एक आग किंवा एक पूर दोन्ही नेतो. तळमजल्यावर तर ठेवूच नका. सहा महिन्यांनी प्रत्येक डिस्कवरच्या काही फाइली उघडून हॅश पडताळा, पाच वर्षांनी डिस्क बदला. कर्मचाऱ्याच्या खासगी गूगल ड्राइव्हवर ठेवलेली प्रत ही प्रत धरू नका.

ज्या नगरपंचायतीत एकच लिपिक सगळे पाहतो, तिने एवढे तरी करावे: खाते कार्यालयाच्या नावावर आणावे, नोंदवही सुरू करावी, आणि सभांच्या चित्रफितींची मूळ फाइल ठेवावी. नोंदवहीला रोज वीस मिनिटे लागतात.

आपण या पत्रावर विचार करून अभिलेख अधिकारी नेमाल, अनुसूची दुरुस्त कराल, त्याला काही महिने जातील. तोपर्यंत कार्यालयाच्या कोणत्याही खात्यावरची एकही जुनी पोस्ट, प्रतिक्रिया किंवा गट लेखी परवानगीशिवाय पुसू नये, असा एका ओळीचा कार्यालयीन आदेश आजच काढता येईल. तो काढावा आणि खाती चालवणाऱ्या संस्थेला त्याची पोच घेऊन प्रत द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
अभिलेख आणि संगणक व्यवस्थेचे काम करणारे काही नागरिक